बागेतल्या ट्रॅक्टरला जादा दिवे: चार्जिंग बदलण्याच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. सोनोरी

तोडणी जानेवारीच्या मध्याला सुरू होईल. त्याआधी ट्रॅक्टरवर मागचे आणि बाजूचे दिवे लागलेच पाहिजेत, हे या वर्षी नक्की केलं आहे. अंजीर ऊन चढायच्या आत उतरवावं लागतं. उशीर झाला की फळ मऊ पडतं आणि दिवे घाट उतरून पुण्याच्या गुलटेकडी बाजारात पोचेपर्यंत खालच्या पाट्या चेपतात. म्हणून पहाटे साडेचारला माणसं बागेत असतात. ट्रॅक्टरच्या पुढे उजेड असतो, पण काम चालतं मागे. ट्रॉलीत पाट्या लावणाऱ्या बायका मोबाइल तोंडात धरून काम करतात हे मला बघवत नाही. त्यातच आळवणीसाठी, म्हणजे झाडांच्या बुडाशी औषधाचं पाणी द्यायला, बारा व्होल्टचा डायफ्रॅम पंप ट्रॅक्टरवर बसवायचं अण्णांच्या मनात आहे.

ट्रॅक्टर १८ एचपीचा, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. फॅन बेल्टवर चालणारा छोटा डायनामो, आत कायमचे चुंबक, पट्टीवर १२ व्होल्ट १५० वॅट. बाहेर वेगळा कटआउट, म्हणजे चार्जिंगचं नियंत्रण करणारी डबी. बॅटरी ५० अँपिअर-अवर.

दिवे आणण्याआधी आज फक्त मोजमाप केलं. साधा क्लॅम्प मीटर एसीचाच करंट दाखवतो. बॅटरीच्या तारेवरचा करंट बघायला डीसी वाचणारा क्लॅम्प लागतो. तो कंपनीतल्या मित्राकडून आणला. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी १२.४ व्होल्ट, म्हणजे साधारण पाऊण भरलेली. स्लोवर, म्हणजे रेस न देता, ८५० आरपीएमला (मिनिटाला ८५० फेरे), दिवे बंद असताना १२.९. हेडलाइट लावले की १२.२. रेस देऊन १३०० केली तर १२.५, आणि क्लॅम्प सांगतो की बॅटरीतून दीड अँपिअर बाहेर चालला आहे. २००० ला गेल्यावर १३.३ व्होल्ट आणि बॅटरीकडे दोन अँपिअर आत.

बागेत ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर १३०० च्या आसपासच फिरतो. झाडाझाडाशी थांबायचं, चार पाट्या घ्यायच्या, पुढे सरकायचं. म्हणजे आहेत तेवढे दिवे लावूनसुद्धा पहाटेच्या कामात बॅटरी कणाकणाने रिकामी होते, आणि हीटर प्लग व सेल्फने सुरुवातीला घेतलेलं भरून निघतच नाही. दिवसा रोटाव्हेटरला इंजिन जोरात पळतं तेव्हा ती भरते, म्हणून आजवर निभावलं. पट्टीवरचे १५० वॅट पूर्ण रेसचे आहेत. आपल्याला हवेत ते रांगणाऱ्या ट्रॅक्टरचे वॅट, आणि पुढचं सगळं काम याच एका आकड्यावर बेतायचं आहे.

२७ नोव्हेंबर, बुधवार. हडपसर

रात्री बसून हिशेब मांडला. हेडलाइट ३५ वॅटचे दोन, ७० वॅट. मागचे लाल दिवे, मीटरचे दिवे मिळून २०. नवे एलईडी वर्क लाइट १८ वॅटचे चार, ७२. पंप चालताना सहा अँपिअर घेतो, ८० वॅट धरू. बेरीज २४२ वॅट. साडेतेरा व्होल्टला १८ अँपिअर. बॅटरी भरत राहायला पाच अँपिअर हाताशी हवेत. म्हणजे १३०० आरपीएमला २३ अँपिअर. आजचा डायनामो तिथे जेमतेम पावणेसहा देतो.

चुलतभावाने विचारलं, हेडलाइटच एलईडीचे करून टाकले तर? विचार करण्यासारखं आहे, कारण ७० चे ३० वॅट होतात. पण मग बेरीज २०० वर येते, १५ अँपिअर. डायनामो अजून पावणेसहावरच. पंप नसता आणि मागे फक्त दोन दिवे हवे असते, तर मी हाच मार्ग धरला असता आणि कुणालाही तोच सांगेन. खर्च हजारभर रुपयांत भागतो, इंजिनाला हात लावावा लागत नाही. आमच्या गरजेला तो पुरत नाही.

मोठी बॅटरी लावणं हा दुसरा सल्ला वायरमन मामांनी दिला. मोठ्या बॅटरीने रिकामं व्हायला वेळ जास्त लागेल, एवढंच. भरणारा तोच राहिला तर ती अर्धवट भरलेली पडून राहते, आणि लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. पैसे जास्त, आयुष्य कमी.

ठरलं: डायनामो काढून चारचाकीचा अल्टरनेटर बसवायचा.

१ डिसेंबर, रविवार. जुना बाजार

जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी लवकर गेलो, कारण दहानंतर तिथे चालायलाही जागा नसते. मला हवा होता लहान अंगाचा, एका खाचेच्या पुलीचा, आतच रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर. जुन्या छोट्या पेट्रोल गाड्यांचे असतात तसला. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर चपट्या, अनेक खाचांच्या बेल्टवर चालतात आणि काहींचा रेग्युलेटर गाडीच्या कंप्युटरच्या हुकमावर असतो. ते ट्रॅक्टरवर बसवायच्या भानगडीत पडू नये.

एक मिळाला, पट्टीवर १२ व्होल्ट ४५ अँपिअर. मागे तीन जोड: बी म्हणजे बॅटरीचा जाड जोड, आयजी चावीचा, एल चार्जिंगच्या लाल दिव्याचा. घेण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या. हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकला, थोडी खरखर होती. शाफ्ट बाजूला हलवून पाहिला, खेळ नव्हता. मल्टिमीटरने कार्बनमधून (घासून वीज पोचवणाऱ्या ब्रशांमधून) रोटरचा, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचा, रोध मोजला, ३.४ ओहम आला. तो तीन ते पाचच्या दरम्यान असला की वाइंडिंग शाबूत समजायचं. शून्याजवळ आला तर शॉर्ट, आकडाच नाही आला तर कार्बन संपलेत किंवा वाइंडिंग तुटलं. चौदाशे रुपयांना सौदा झाला.

४ डिसेंबर, बुधवार. नाना पेठ

दोन्ही बेअरिंग आणि कार्बनचा जोड नवा टाकला. दुकानातल्या मिस्त्रींनी बेंचवर फिरवून दाखवला: १४.२ व्होल्ट, आणि मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर ०.०६ व्होल्ट. हे दुसरं माप मागून घ्यावं. अल्टरनेटर आत तीन फेजचा एसीच तयार करतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. एखादा डायोड मेला तर डीसी व्होल्टेज बरं दिसतं, पण हा एसीचा आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर चढतो. विकत घेताना हे पाच मिनिटांत कळतं, शेतात बसवल्यावर शोधायला दिवस जातो.

मिस्त्रींना मी ४५ अँपिअर कुठल्या वेगाला, असं विचारलं. "सहा हजार. शाफ्टचे, इंजिनाचे नव्हे." तेच बरोबर आहे. कंपन्या अल्टरनेटरचं रेटिंग शाफ्टच्या ६००० आरपीएमला देतात. आमचं इंजिन पुलीच्या गुणोत्तराने शाफ्टला दोन-सव्वादोन हजारच देणार, तिथे यातून वीस-चोवीस अँपिअर मिळतील असा त्यांचा अंदाज. माझ्या २३ शी जुळतो, पण काठावर.

८ डिसेंबर, रविवार. सोनोरी

आज नवं काहीच बसवलं नाही, तरी पूर्ण सकाळ गेली. सगळं काम अर्थिंगचं.

सेल्फ मारताना मीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरायची. तारा आणि जोड चांगले असतील तर पाव व्होल्टच्या आत आकडा दिसावा. आमच्याकडे ०.७ दिसला. म्हणजे सेल्फला मिळणाऱ्या बारा व्होल्टमधला पाऊण व्होल्ट निव्वळ खराब जोडात जळत होता. अर्थची पट्टी चॅसीला जिथे आवळली आहे तिथे रंगाच्या थरावर गंज आणि त्यावर डिझेल-मातीचा लेप. पट्टी काढली, जागा कानशीने चकचकीत केली, तांब्याची जाड केबल थेट ब्लॉकपासून बॅटरीपर्यंत नवी टाकली, जोड आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. आता ०.१५.

सेल्फचा आवाजच बदलला. अण्णा गोठ्यातून बाहेर येऊन म्हणाले, "बॅटरी बदलली काय?"

माझं ठाम मत आहे की चार्जिंगच्या तक्रारीत डायनामोला हात लावण्याआधी हे माप घ्यावं. अल्टरनेटर शंभर अँपिअरचा असला तरी त्याचा परतीचा रस्ता इंजिनाच्या अंगातून आणि या एका पट्टीतून जातो.

१४ डिसेंबर, शनिवार. भोसरी

पुलीचा प्रश्न. अल्टरनेटरची मूळ पुली अरुंद बेल्टची, खाच दहा मिलिमीटरची. ट्रॅक्टरचा बेल्ट तेरा मिलिमीटर रुंद. तो या खाचेत बसवला तर वरच्या कडेवर तरंगतो, बाजूंना टेकत नाही. व्ही बेल्ट पकडतो ते बाजूंनी. तळाला टेकला किंवा वरच राहिला तर घसरणार.

मित्राच्या लेथवर नवी पुली वळून घेतली. व्यास ६५ मिलिमीटर, खाचेचा कोन ३४ अंश. मोठ्या पुलीला ३८ चालतो, पण लहान गोलाईवर वळताना बेल्ट आतल्या बाजूला फुगतो आणि त्याचा स्वतःचा कोन कमी होतो, म्हणून लहान पुलीची खाच जास्त उभी ठेवतात. क्रँकची पुली ११० मिलिमीटर. गुणोत्तर १.६९. स्लोवर शाफ्टला १४४०, बागेतल्या वेगाला २२००, पूर्ण रेसला २७०० वर साधारण ४५७०. वरच्या टोकाला अल्टरनेटरला काहीच धोका नाही, चारचाकीत तो याच्या दुप्पट पळतो.

पुली आणखी लहान करून स्लोवरचं चार्जिंग वाढवता आलं असतं. मित्राचा आग्रह होता. मी ६५ वरच थांबलो. लहान पुलीला बेल्टचा विळखा कमी पडतो, ओल्या पहाटे ती आधी घसरते, आणि घसरणारा बेल्ट पाण्याच्या पंपालाही फिरवत असतो. दिव्यांसाठी इंजिन तापवायचं नाही.

ब्रॅकेटसाठी पुठ्ठ्याचा साचा आधीच काढून आणला होता. १० मिलिमीटर एमएस (साध्या पोलादाची) पट्टी, दोन भोकं, एक वळलेला बुश. ट्रॅक्टरच्या कानाचं भोक १२ चं, अल्टरनेटरचा बोल्ट १० चा, म्हणून बुश.

२२ डिसेंबर, रविवार. सोनोरी

बसवला.

डायनामो, कटआउट दोन्ही काढून डब्यात घालून माळ्यावर ठेवले; वायरिंगचा जुना गुच्छ कापला नाही, टोकं बंद करून बांधून ठेवली. उद्या अल्टरनेटर बिघडला तर तोडणीच्या ऐन दिवसांत तासाभरात जुनं परत बसवता यावं.

बेल्टची रेष जुळवणं हे आजचं खरं काम. क्रँकच्या पुलीवर सरळ पट्टी टेकवली आणि अल्टरनेटरच्या पुलीपाशी फट पाहिली: तीन मिलिमीटर आत. बुशच्या मागे वॉशर घालत एक मिलिमीटरच्या आत आणली. रेष चुकली की बेल्ट एका कडेने खातो, काळी भुकटी पडते आणि तोडणीच्या मध्यावर तुटतो. ताण असा की दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबलं तर दहा मिलिमीटर दबावा. जास्त ताणला तर नवी बेअरिंग जातील.

अल्टरनेटरच्या पंख्याची पाती कुठल्या दिशेला वाकलेली आहेत तेही पाहून घेतलं. इंजिन पुढून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, पातीही तशीच. उलट असती तर वीज तयार झाली असती पण हवा खेचली गेली नसती आणि डायोड तापून गेले असते.

खालून माती उडू नये म्हणून जुन्या ट्यूबच्या रबराचा पडदा लावला. जाळी लावायची सूचना आली होती. अंजिराची वाळकी पानं जाळीवर चिकटून हवा बंद होते, म्हणून नको म्हटलं.

२९ डिसेंबर, रविवार. सोनोरी, रात्री

उद्या सोमवती अमावस्या. जेजुरीची गर्दी सासवड रस्त्याला आजपासूनच आहे, त्यामुळे उद्याची रजा टाकून मुक्कामालाच आलो. वायरिंगला दोन दिवस मोकळे मिळाले.

बी जोडापासून बॅटरीपर्यंत १० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, लांबी १.८ मीटर. जुनी तार अडीच स्क्वेअरची होती. अडीचची तार २५ अँपिअरला ०.३२ व्होल्ट खाते, दहाची ०.०८. व्होल्टेजचा हा पाव व्होल्टचा फरक दिव्यांना जाणवणार नाही, पण बॅटरीला जाणवतो: १४.२ ऐवजी १३.९ पोचले तर ती भरायला कितीतरी जास्त वेळ घेते. केबलवर बॅटरीच्या टोकाशी ६० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज अल्टरनेटरच्या बाजूला लावून उपयोग नाही. तार मध्ये कुठे चॅसीला घासून शॉर्ट झाली तर आग लावायची ताकद बॅटरीत असते, म्हणून फ्यूज तिच्याजवळ.

थिंबल (तारेच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण) पक्कडीने चेपून वर टेप गुंडाळायची पद्धत मी वापरली नाही. हायड्रॉलिक क्रिंपिंगचं हत्यार भाड्याने आणलं, वर हीट श्रिंक चढवली. डिझेल ट्रॅक्टरच्या कंपनात सैल थिंबल महिन्यात तापायला लागतं.

डॅशबोर्डवरचा काट्याचा अँपिअर मीटर काढला. तो वीसचा आहे आणि सगळा करंट त्याच्यातून जातो. त्याच्या भोकात व्होल्टमीटर बसवला. चालवणाऱ्याला खरी खबर व्होल्टमीटरच देतो.

३० डिसेंबर, सोमवार

लाल दिव्याबद्दल सविस्तर लिहून ठेवतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडं इथेच अडतं.

जुन्या डायनामोत चुंबक कायमचे होते. फिरला की वीज. अल्टरनेटरचा रोटर विद्युतचुंबक आहे. त्याला पहिला करंट बाहेरून द्यावा लागतो, आणि तो एल जोडातून, चार्जिंगच्या लाल दिव्यामधून येतो. चावी फिरवली की बॅटरी, दिवा, रोटर, अर्थ असं वर्तुळ पूर्ण होतं आणि दिवा लागतो. इंजिन चालू झालं, अल्टरनेटर स्वतःची वीज करू लागला की एल जोडावरही चौदा व्होल्ट येतात, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब होतो आणि तो विझतो. म्हणजे हा दिवा नुसती खूण नाही, यंत्राचा भाग आहे. तो काढून टाकला किंवा त्याचा बल्ब गेला तर चार्जिंग सुरूच न होण्याचा संभव असतो.

आमच्या डॅशवरचा बल्ब १.२ वॅटचा. त्यातून जेमतेम ०.१ अँपिअर जातो. इंजिन सुरू झाल्यावर जोरात रेस दिल्याशिवाय अल्टरनेटर जागा होईना. ३ वॅटचा बल्ब लावला, पाव अँपिअर मिळाला, आता स्लोवरच उठतो. तिथे एलईडी लावायचा असेल तर त्याला समांतर ५० ओहमच्या आसपासचा ५ वॅटचा रेझिस्टर जोडावा लागेल.

आणखी एक. ज्या डिझेल इंजिनाचं इंधन सोलेनॉइडने बंद होतं, त्यात एल जोडातून उलटा करंट चावीच्या लाइनवर येऊन चावी काढली तरी इंजिन चालूच राहू शकतं. दिव्याच्या तारेत एक डायोड घातला की प्रश्न मिटतो. आमचा ट्रॅक्टर दोरीच्या नॉबने बंद होतो, त्यामुळे गरज नव्हती. तरी डायोड घालून ठेवला आहे.

दुपारी दोनला पहिल्यांदा चालू केला. लाल दिवा विझला, व्होल्टमीटर १४.२ वर जाऊन थांबला.

वायरमन मामा बघायला आले होते. त्यांनी सवयीने, इंजिन चालू असतानाच बॅटरीची तार काढायला हात घातला. मी हात धरला. जुन्या डायनामोच्या काळापासून चार्जिंग तपासायची ही रीत गावोगाव आहे. अल्टरनेटर भार ओढत असताना बॅटरी तोडली तर व्होल्टेज क्षणभर चाळीस-पन्नासच्या वर उडी मारतं. त्यात डायोड, रेग्युलेटर आणि लावलेले सगळे एलईडी एकदम जाऊ शकतात. मामांना ते समजावून सांगितलं, त्यांनाही पटलं. तसंच ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हीच्या तारा सोडायच्या. ही दोन वाक्यं रंगाने टूलबॉक्सच्या झाकणावर आतून लिहिली आहेत.

५ जानेवारी २०२५, रविवार

दिवे. तपकीर गल्लीतून आणलेले १८ वॅटचे चार, आयपी ६७ चे, म्हणजे धूळ आत जात नाही आणि थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी चालतं. मागे दोन मडगार्डच्या खाली, ट्रॉलीच्या तोंडावर पडतील असे. बाजूला एक-एक. वर दांडीवर लावले असते तर उजेड लांब गेला असता, पण अंजिराच्या फांद्या खाली असतात. पहिल्याच फेरीत दिवे झाडात अडकले असते. म्हणून सगळे मडगार्डच्या रेषेच्या आत.

रंगाबाबत मी दुकानदाराचं ऐकलं नाही. तो निळसर पांढरे, ६००० केल्विनचे देत होता, तेच खपतात. मी ४००० चे मागवून घेतले. आमचं पुना फिग पिकलं की हिरव्यावरून तांबूस-जांभळं होत जातं, आणि तोडणारीला तो रंग ओळखता आला पाहिजे. निळसर उजेडात अर्धकच्चं आणि पिकलेलं सारखंच करडं दिसतं. किडेही निळसर दिव्यावर जास्त येतात.

प्रत्येक जोडीला वेगळा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वेगळा १० अँपिअरचा फ्यूज. स्विचमधून रिलेच्या ८५-८६ नंबरच्या पिनांना फक्त हुकूम जातो, दिव्यांचा करंट ३० वरून ८७ ला. अर्थ प्रत्येक दिव्याची तारेनेच परत आणली, मडगार्डच्या पत्र्यावर सोडली नाही. मागच्या दिव्यांच्या स्विचवर वेगळा नारंगी सूचक दिवा आहे. ट्रॅक्टर रस्त्यावर आला की मागचे पांढरे दिवे बंद म्हणजे बंद. मागून येणाऱ्याला पांढरा उजेड दिसला तर त्याला वाहन समोरून येतंय असं वाटतं, आणि सासवड रस्त्यावर पहाटे टेम्पो किती वेगात असतात ते आम्हाला माहीत आहे. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर आणि पट्ट्याही लावल्या.

अण्णांचा ट्रान्झिस्टर मडगार्डला टांगलेला असतो, पुणे आकाशवाणी, ७९२ किलोहर्ट्झ. चारातले दोन दिवे लावले की त्यात भुणभुण येई. एलईडीच्या आत व्होल्टेज बदलणारी छोटी सर्किटं असतात, तीच हा गोंगाट मध्यम लहरींवर सोडतात. त्या दोन दिव्यांच्या तारांवर फेराइटची कडी चढवली, तार दोनदा गुंडाळून. भुणभुण पुष्कळ कमी झाली, बातम्या स्वच्छ ऐकू येतात.

१२ जानेवारी, रविवार

पंप जोडला. १५ अँपिअरचा फ्यूज, स्वतंत्र रिले.

सगळं एकदम लावून माप: हेडलाइट, चारही दिवे, पंप. १३०० आरपीएमला १३.६ व्होल्ट, बॅटरीकडे तीन अँपिअर आत. १६०० ला १४.१. स्लोवर मात्र १२.६ आणि बॅटरीतून नऊ अँपिअर बाहेर. हे अपेक्षितच होतं. शाफ्टचे १४४० हा अल्टरनेटर नुकता जागा होण्याचा वेग आहे. नियम असा ठेवला की ट्रॅक्टर उभा करायचा तर पंप बंद. पंपाविना स्लोवर बाहेर जाणारा करंट तीनवर येतो, दहा मिनिटं उभं राहायला तो काहीच नाही.

इंजिनावर भार किती पडला? २५ अँपिअर गुणिले १४ म्हणजे ३५० वॅट. अल्टरनेटर आणि बेल्ट मिळून कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर इंजिनाकडून साडेसहाशे वॅटच्या आसपास, एक एचपीला थोडं कमी. ट्रॉली ओढताना कळतही नाही. चढावर रोटाव्हेटर लावला असेल तेव्हा दिवे बंद ठेवावेत.

१९ जानेवारी, रविवार

तोडणीचा पहिला आठवडा झाला. पहाटे गारठा दहा-अकरा अंशांचा. व्होल्टमीटर पहाटे १४.४ दाखवतो, ऊन चढल्यावर १४ च्या जरा खाली. हा बिघाड नाही; थंड बॅटरीला जास्त व्होल्टेज लागतं म्हणून रेग्युलेटर तापमान बघून ते बदलतो. भावाला दोनदा सांगावं लागलं.

काम करणाऱ्या मावशींनी बाजूचे दिवे आणखी खाली वळवायला सांगितले, डोळ्यांवर येत होते. लगेच वळवले. आता उजेड झाडाच्या बुंध्यापासून छातीएवढ्या उंचीपर्यंत पडतो आणि दोन्ही हात मोकळे आहेत. अंजिराचा चीक हाताला लागून खाज सुटते, म्हणून त्या हातमोजे घालतात. मोबाइल धरायचा तर मोजे काढावे लागत आणि मग चीक लागायचाच. ते थांबलं. उजेडात पाट्यांमध्ये कच्चं फळही कमी येतं आहे असं मावशी म्हणतात.

२६ जानेवारी, रविवार

नवा बेल्ट सुरुवातीला ताणला जातोच. दाबून पाहिला, पंधरा मिलिमीटर; पुन्हा दहावर आणला. पुलीच्या खाचा चकचकीत, कडेला भुकटी नाही, म्हणजे रेष बरोबर आहे. ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळले, एकही सैल नव्हता.

तासभर चालवून बी केबलच्या थिंबलला हात लावून पाहिला, कोमटसुद्धा नाही. बॅटरीच्या टोकांवर एसी ०.०७. सहाही सेलची ॲसिडची घनता हायड्रोमीटरने १.२६५ ते १.२७०. नोव्हेंबरमध्ये हीच १.२३० च्या आसपास होती, तीच बॅटरी, तेच ॲसिड.

एकूण खर्च साडेसहा हजारांच्या आत: अल्टरनेटर, बेअरिंग, कार्बन मिळून एकवीसशे, पुली, बुश आणि ब्रॅकेट अकराशे, केबल, फ्यूज, रिले, थिंबल सोळाशे, दिवे चौदाशे, बाकी किरकोळ. पंप यात धरलेला नाही.

राहिलेलं एकच काम म्हणजे ट्रॉलीला सात पिनांचं सॉकेट, म्हणजे ट्रॉली सोडताना तारा ओढल्या जाणार नाहीत. सॉकेट आणून ठेवलं आहे. बी केबलवरच्या ६० च्या फ्यूजचा एक जादा तुकडा आणि फॅन बेल्ट टूलबॉक्समध्ये टाकला.